जुन्या पद्मिनीची इग्निशन कॉइल बदलायची आहे आणि जागाही हलवायची आहे – कुठे बसवू?

रामबागचा_पद्मिनीवाला
नमस्कार मंडळी. गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. बाबांनी नवीन घेतलेली, तेव्हापासून घरातच आहे आणि माझ्या हयातीत तरी विकायची नाही. इंजिन चांगलं आहे, धूर नाही, तेल पीत नाही.

त्रास असा की सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते, इंदुरात राजवाडा, छावणी, पाटणीपुरा कुठेही फिरा, काही नाही. पण पाऊण तास सलग चालली की आधी मिसिंग करायला लागते, मग अ‍ॅक्सिलरेटर दाबला की खोकते आणि बंद पडते. वीस-पंचवीस मिनिटं बॉनेट उघडून उभं राहायचं, मग परत अशी चालू होते की जसं काही झालंच नव्हतं.

मागच्या रविवारी आईला घेऊन महेश्वरला गेलो होतो. जाताना उतार, त्यामुळे ठीक. येताना मंडलेश्वरवरून जाम घाट चढताना दोनदा बंद पडली. दुपारचे दोन, उन्हाचा पारा ४२ च्या वर, आई रस्त्याकडेच्या दगडावर छत्री उघडून बसलेली. काही बोलली नाही ती, पण मला फार वाईट वाटलं. तेव्हा इग्निशन कॉइलला (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा डबा) हात लावला तर असा चटका बसला की बोट टेकवता येईना.

आता कॉइल कुठे आहे ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मिस्त्रीने इंजिनच्याच एका बोल्टवर लोखंडी पट्टी ठोकून कॉइल तिथे बसवून दिली, एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून (इंजिनचा गरम धूर बाहेर नेणारी नळी) जेमतेम चार बोटं लांब. पॉइंटही (कॉइलचा प्रवाह जोडणारा-तोडणारा डिस्ट्रिब्युटरमधला स्विच) लवकर जळतात, हजार-दीड हजार किलोमीटरला काढून घासावे लागतात.

विचार असा आहे की नवीन कॉइल घ्यायची आणि आतल्या मडगार्डवर, हवेशीर जागी बसवायची. पण आमचे सध्याचे मिस्त्री म्हणतात कॉइल लांब नेली तर वायर लांब होते आणि करंट मरतो. खरं आहे का हे? कुणी केलंय का?

नर्मदाकाठ
कॉइल नाहीच ती. पेट्रोल पंप आहे. घाट, ऊन, हळू गाडी, वीस मिनिटांनी परत चालू, सगळी लक्षणं व्हेपर लॉकची. हा पंप इंजिनला चिकटलेला असतो, त्यात पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसता हवा ढकलत बसतो. पंपावर ओलं फडकं गुंडाळा, वरून पाण्याची बाटली ओतत राहा, महेश्वरच काय बडवानीपर्यंत जाऊन या. आमच्या वडिलांच्या गाडीत मे महिन्यात फडकं आणि पाण्याचा कॅन कायम असायचा.

अँबी७८
+१ फडकं. अँबेसेडरमध्येही हाच इलाज. आमच्याकडे त्यासाठी आजीच्या जुन्या नऊवारीचा तुकडा होता, सुती असल्यामुळे पाणी धरून ठेवायचा.

सुदामानगर_आजोबा
थांबा थांबा, घाई करू नका. कॉइल गरम होऊन बसली तरी लक्षणं हीच असतात आणि कंडेन्सर (पॉइंट उघडताना तिथली ठिणगी दाबणारा छोटा पुर्जा) गरम होऊन बसला तरी हीच. तिन्ही गोष्टी गरम झाल्यावर त्रास देतात आणि थंड झाल्यावर शहाण्या होतात, म्हणून तर लोक वर्षानुवर्षं चुकीचा पुर्जा बदलत राहतात. मी पन्नास वर्षं हेच बघतोय.

गाडी बंद पडली की *त्याच क्षणी* दोन गोष्टी बघायच्या, थंड व्हायच्या आत.

एक, एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात बघा आणि थ्रॉटलचा दांडा हाताने जोरात ढकला. पेट्रोलची बारीक पिचकारी आत पडली तर पेट्रोल पोचतंय, पंपाला दोष देऊ नका. आणि हे बघताना विडी-सिगारेट लांब.

दुसरं, पेट्रोल बघून झाल्यावर फिल्टर परत लावा, मगच करंट बघायचा, आणि सांडलेलं पेट्रोल असेल तर ते वाळल्यावर. डिस्ट्रिब्युटरच्या (एकेका प्लगला करंट वाटणारा) कॅपमधली मधली जाड वायर, कॉइलकडून येणारी, ओढून काढा, तिचं टोक इंजिनच्या उघड्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ठणठणीत निळी ठिणगी टक-टक आवाज करत पडली तर कॉइल चांगली. पिवळी, बारीक, दोऱ्यासारखी पडली किंवा पडलीच नाही तर दोष करंटच्या बाजूला. वायर उघड्या हाताने धरायची नाही, लाकडी चिमट्यात धरा.

हे केल्याशिवाय एक रुपयाचं सामान आणू नका.

माळवा_मुक्काम
आजोबा तुमचं हे 'त्याच क्षणी' फार महत्त्वाचं आहे. आपण टो करून गॅरेजला नेतो तोपर्यंत गाडी थंड, मिस्त्री चावी फिरवतो, फर्रकन चालू, आणि म्हणतो साहेब कुछ नहीं है इसमें.

चिमणबाग_ताई
पद्मिनी! मी त्याच गाडीवर शिकले, स्टिअरिंगवरचा गिअर. बाबा शेजारी बसून नेहरू पार्कच्या बाजूला शिकवायचे आणि रिव्हर्स पडेना की दोघं गप्प बसायचो. गाडी नीट करून घ्या हो दादा, आणि फोटो टाका.

इलेक्ट्रिकल_मास्तर
मूळ प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही म्हणून देतो. वायर लांब झाल्याने करंट मरतो हे खरं नाही.

कॉइल म्हणजे एका लोखंडी गाभ्यावर दोन वेटोळी. जाड तारेचे काहीशे वेढे आणि बारीक तारेचे वीसेक हजार. पॉइंट बंद, म्हणजे एकमेकांना टेकलेले, असताना जाड वेटोळ्यातून प्रवाह जातो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडले की ते क्षेत्र झटकन कोसळतं आणि बारीक वेटोळ्यात हजारो व्होल्ट उसळतात, जुन्या गाडीत साधारण वीस-पंचवीस हजारांपर्यंत जाऊ शकतात. जिथे हजारो व्होल्ट आहेत तिथे तांब्याच्या वायरची फूटभर जास्त लांबी म्हणजे काहीच नाही. वायर तांब्याच्या गाभ्याची, चांगल्या इन्सुलेशनची असली आणि वाटेत कुठे लोखंडाला घासत नसली की झालं.

लांबीचा फरक पडतो तो बारा व्होल्टच्या बाजूला. स्विचपासून कॉइलच्या प्लसला येणारी वायर बारीक असेल, जोड सैल असतील, तर तिथे अर्धा-एक व्होल्ट सहज खाल्ला जातो आणि तेवढं बाहेर पडणारं व्होल्टेज घटतं. म्हणून ती वायर वाढवायची असेल तर कमीत कमी दीड स्क्वेअर एमएमची घ्या, पिळून टेप लावू नका, नीट थिंबल दाबून जोडा.

आणि गरमपणाचं म्हणाल तर तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. कॉइल ७० अंशांनी तापली तर २५-२८ टक्के वाढ. त्यामुळे प्रवाह कमी आणि ठिणगी अशक्त. त्यात आतलं इन्सुलेशन जुनं झालेलं असेल तर गरम झाल्यावर बारीक वेटोळं आतल्या आत शॉर्ट होतं आणि थंड झालं की सावरतं. म्हणजे मॅनिफोल्डजवळून हलवायचा तुमचा विचार अगदी बरोबर आहे.

बुलेटवाला
सर एवढं सोपं करून कुणी आम्हाला कॉलेजात सांगितलं असतं तर 😄

रामबागचा_पद्मिनीवाला
सगळ्यांचे आभार. मास्तर, खूपच छान समजावलंत. आजोबा, तुम्ही सांगितलेली परीक्षा या रविवारी करतो. घाटात नको, बायपासवर राऊकडून देवास नाक्यापर्यंत फेऱ्या मारतो. भाचा सोबत येतोय सेल्फ मारायला.

फटाफट_गॅरेज
भाऊ एवढ्या उठाठेवी कशाला. पॉइंट, कंडेन्सर काढून फेका आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा किट लावा, सोबत त्याची कॉइल. मी माझ्या जुन्या ८०० ला केलं, चार वर्षं बॉनेट उघडलं नाही.

सुदामानगर_आजोबा
किट चांगला असतो, मी नाही म्हणत नाही. पण रात्री मानपूरच्या घाटात पॉइंट बिघडले तर काचपेपर आणि काडीपेटीच्या खोक्यावर गाडी घरी येते. किटचं मॉड्यूल गेलं तर ट्रकवाल्याला हात दाखवायचा.

फटाफट_गॅरेज
काडीपेटी??

सुदामानगर_आजोबा
फिलर गेज (गॅप मोजायच्या पत्र्याच्या पट्ट्या) नसेल तर खोक्याच्या पुठ्ठ्याने पॉइंटचा गॅप अंदाजाने लावायचा, पाऊण मिलिमीटरचा नको, अर्ध्याच्या आतला. घरापर्यंत पोचायला पुरतो. घरी आल्यावर गेजने ०.४ ते ०.५ च्या मध्ये नीट लावायचा.

अँबी७८
आजोबांशी सहमत. आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या तरी पॉइंट आणि कंडेन्सर अजून मिळतात, निदान मला तरी मिळालेत.

बडोदेकर
बडोद्याहून राम राम. माझ्याकडे अजून एक जुनी फियाट आहे, स्टेशनवरून दांडिया बाजारला यायला रोज वापरतो. कॉइल मी पाच वर्षांपूर्वी मडगार्डवर नेली. एक सूचना, मडगार्डला भोक पाडताना पलीकडे चाक आहे हे विसरू नका. माझ्या मिस्त्रीने लांब बोल्ट लावला, त्याचं टोक आत दोन इंच बाहेर आलेलं, चाक पूर्ण वळवल्यावर टायरला घासायचं. टायर कापल्यावर कळलं. आधी एखादं रिकामं भोक सापडतंय का बघा, जुन्या गाड्यांत दोन-चार असतातच.

नर्मदाकाठ
मी अजूनही फडक्यावर ठाम आहे.

रामबागचा_पद्मिनीवाला
रविवारचा रिपोर्ट.

सकाळी अकराला निघालो, मुद्दाम ऊन चढू दिलं. तिसऱ्या फेरीला, साधारण पन्नास मिनिटांनी, मिसिंग सुरू आणि दोन किलोमीटरमध्ये बंद. ताबडतोब बॉनेट उघडलं. कार्ब्युरेटरमध्ये बघितलं, दांडा ढकलला, पिचकारी अगदी स्वच्छ पडली, दोनदा ढकलला दोनदा पडली. फिल्टर परत लावला, एका कपड्याने पुसून पाच मिनिटं थांबलो. मग मधली वायर काढली, आईचा कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा नेला होता त्यात धरली, भाच्याने सेल्फ मारला. ठिणगी पिवळी, बारीक, दर तिसरी-चौथी तर पडतच नव्हती. बाटलीतलं पाणी फडक्यावर घेऊन कॉइलभोवती गुंडाळलं, छस्स करून वाफ निघाली, दहा मिनिटांनी परत बघितलं तर निळी.

नर्मदाकाठ भाऊ, फडकं कामाला आलं, फक्त जागा वेगळी निघाली 🙂

सोबत नवीन कंडेन्सर नेला होता. परत येताना गरम गाडीत तो बदलून पाहिला, मिसिंग तसंच. म्हणजे कॉइलच.

नर्मदाकाठ
मान्य. मनापासून मान्य. पिचकारी पडली म्हणजे पंप सुटला.

माळवा_मुक्काम
सुंदर काम. आता सरळ नवीन कॉइल आणा, मडगार्डवर लावा, धागा बंद.

इलेक्ट्रिकल_मास्तर
इतक्यात बंद करू नका. मला एक गोष्ट पहिल्या पोस्टपासून खटकतेय. मॅनिफोल्डजवळ असल्याने कॉइल तापते हे समजलं, पण *पॉइंट* हजार किलोमीटरमध्ये का जळतायत? पॉइंट काही मॅनिफोल्डजवळ नाहीत. कंडेन्सर बदलूनही फरक नाही. पॉइंट जळतात तेव्हा त्यातून हवा त्याहून जास्त प्रवाह जातोय असा संशय घ्यायचा.

दोन कामं करा. कॉइलवरची सगळी घाण पुसून काय लिहिलंय ते वाचा. आणि कॉइलच्या दोन्ही बारीक वायरी काढून मल्टिमीटरने प्लस-मायनसमधला रेझिस्टन्स मोजा, कॉइल थंड असताना. मोजायच्या आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा, जो आकडा येईल तो शेवटी वजा करा, नाहीतर एवढ्या लहान मापात फसाल.

बुलेटवाला
हे वाचताना डिटेक्टिव्ह कथा वाचतोय असं वाटतंय.

चिमणबाग_ताई
मी तर चहा घेऊन बसलेय, पुढचा भाग कधी?

रामबागचा_पद्मिनीवाला
मास्तर, तुमचे पाय धरायला सुदामानगर, लोकमान्य नगर जिथे असाल तिथे येतो.

रॉकेल घेतलेल्या फडक्याने कॉइल पुसली. वरून तेल, धूळ, काळा चिकटा, त्याच्या खाली स्टिकरचा अर्धा तुकडा शिल्लक होता. त्यावर स्पष्ट वाचता आलं, 'एक्स्टर्नल रेझिस्टरसोबत वापरा'. आणि वर जिथे मधली जाड वायर घुसते त्या काळ्या तोंडावर केसाएवढी एक राखाडी रेघ, भोकापासून मायनसच्या बोल्टपर्यंत गेलेली. आत बोट घातलं तर हिरवट भुकटी.

मीटरच्या पिना टेकवल्यावर ०.२, कॉइलवर १.७. म्हणजे दीड ओहम. आणि माझ्या गाडीत रेझिस्टर कुठेच नाही, स्विचपासून सरळ वायर कॉइलला.

इलेक्ट्रिकल_मास्तर
सापडला चोर.

ही बॅलास्टवाली कॉइल आहे. तिच्या वाटेत बाहेर आणखी साधारण दीड ओहमचा रेझिस्टर असायला हवा, दोन्ही मिळून तीन. चालू गाडीत तो रेझिस्टर व्होल्टेज कमी करून कॉइलला साधारण सात व्होल्टवर ठेवतो, आणि फक्त सेल्फ मारताना त्याला वळसा घालून पूर्ण बॅटरी देतात म्हणजे थंडीत चालू व्हायला जोर मिळतो. तुमच्या गाडीच्या साध्या वायरिंगला तीन ओहमची कॉइल लागते.

आता हिशेब बघा. गाडी चालू असताना चार्जिंग समजा १३.८ व्होल्ट. तीन ओहमला ४.६ अँपियर. दीड ओहमला ९.२. पॉइंट बंद असतानाची उष्णता तीन ओहमच्या कॉइलमध्ये ६३ वॉट, तुमच्या कॉइलमध्ये १२७. दुप्पट. घाटात इंजिन हळू फिरतं तेव्हा पॉइंट जास्त वेळ बंद राहतात, प्रवाहाला पूर्ण चढायला वेळ मिळतो, त्यामुळे तिथे सगळ्यात वाईट. त्यात वरून मॅनिफोल्डची धग. आणि नऊ अँपियर तोडता तोडता पॉइंट जळणारच.

म्हणजे नुसती जागा बदलली असती तर गाडी घाटात दोनदाऐवजी एकदा बंद पडली असती, आणि दुकानातून तसलीच दुसरी कॉइल आणली असती तर ती वर्षभरात गेली असती.

ती राखाडी रेघ म्हणजे करंटने पळवाट शोधली आहे तिथून. तो कार्बनचा माग असतो, पुसून जात नाही. ही कॉइल परत लावू नका.

सुदामानगर_आजोबा
शाब्बास मास्तर. पॉइंटवरून ओळखलंत. मीही वाचलं होतं पहिल्या पोस्टमध्ये आणि कंडेन्सरवर ढकलून मोकळा झालो होतो.

फटाफट_गॅरेज
मग दीड ओहमची चांगली कॉइल आणि सोबत तो पांढरा चिनी मातीचा रेझिस्टर लावला तर? सेल्फला जोर जास्त मिळेल.

इलेक्ट्रिकल_मास्तर
चालेल, पण वळसा घालायची वायर सेल्फच्या सोलेनॉइडवरून किंवा वेगळ्या रिलेवरून आणावी लागेल, आणि रेझिस्टर स्वतः भयंकर तापतो, त्याला लोखंडावर, इतर वायरींपासून लांब बसवायला लागेल. इंदूरच्या थंडीत पद्मिनीला याची गरज नाही. जेवढे जोड कमी तेवढं बरं.

माळवा_मुक्काम
विषयांतर होतंय पण हीच गोष्ट वेगळ्या रूपात माझ्याकडे झालेली. गाणी ऐकायला चावी एका घरावर ठेवून लग्नाच्या मांडवाबाहेर तासभर बसलो, इंजिन बंद. पॉइंट नेमके बंद अवस्थेत थांबलेले. कॉइल एवढी तापली की वरून तेल पाझरलं. तेव्हापासून मुलांना सक्त ताकीद, इंजिन बंद असेल तर इग्निशन चालू ठेवायचं नाही.

अँबी७८
कॉइल उभी बसवायची की आडवी यावरही बोला कुणी. माझ्या अँबीत डायनमोवर आडवीच आहे.

सुदामानगर_आजोबा
तेलाची कॉइल आहे ही. आत तेल भरलेलं असतं, वर थोडी हवा. उभी, तोंड वर, हे सगळ्यात चांगलं. आडवी चालते, कंपनीनेही लावल्यात. तोंड खाली करून मात्र लावू नये, झाकणातून तेल पाझरायची भीती.

बडोदेकर
आणि पट्टी रबरावर लावू नका. धक्के बसू नयेत म्हणून काही लोक रबर देतात पण कॉइलची उष्णता पट्टीतूनच मडगार्डच्या पत्र्यात जाते. लोखंडाला लोखंड घट्ट टेकलेलं पाहिजे.

अँबी७८
धागाकर्ते, प्लस-मायनस उलटं करू नका. माझी जुनी गाडी पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचा प्लस बॉडीला), कॉइलवर एसडब्ल्यू (स्विचची बाजू) आणि सीबी (पॉइंटची बाजू) लिहिलेलं, त्यामुळे मी नवीन प्लस-मायनसवाली कॉइल आणली तेव्हा उलटी लागली. गाडी चालायची, पण जोर लावला की मिसिंग, दोन महिने कळलं नाही.

इलेक्ट्रिकल_मास्तर
बरोबर. प्लगचं मधलं टोक बाजूच्या टोकापेक्षा गरम असतं, तिथून निगेटिव्ह बाजूने ठिणगी निघायला सोपं जातं. उलटं जोडलं की ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं. पद्मिनी निगेटिव्ह अर्थ आहे, तेव्हा स्विचची वायर प्लसला, डिस्ट्रिब्युटरची मायनसला.

पारखायची जुनी रीत पेन्सिलची आहे. प्लगची टोपी काढून प्लगपासून थोडी लांब धरा आणि मधल्या ठिणगीत टोक केलेली शिसपेन्सिल धरा, लाकडी चिमट्याने. ठिणगीचा केशरी फुलोरा प्लगच्या बाजूला उमटला तर बरोबर, टोपीच्या बाजूला उमटला तर वायरी अदलाबदल करा. अंधारात छान दिसतं.

चिमणबाग_ताई
हे मुलाला विज्ञानाच्या तासाला दाखवायला पाहिजे.

इलेक्ट्रिकल_मास्तर
ताई, मोठा माणूस जवळ असेल तरच. झटका जोरदार असतो.

रामबागचा_पद्मिनीवाला
काम झालं. थोडं लांबलचक लिहितो, पुढच्या कुणाला उपयोगी पडेल.

सियागंजात तीन दुकानं हिंडलो. पहिल्या दोन दुकानांत कॉइल मागितली की हातात ठेवतात, ओहम विचारलं की 'सब में लगती है साहब'. मी मीटर खिशातूनच नेला होता. दुसऱ्या दुकानातली मोजली, १.६. परत दिली. तिसऱ्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ बसलेले, त्यांनी ओहम विचारल्यावर मान वर करून बघितलं, आत गेले आणि मागच्या कपाटातून खोकं काढून आणलं. मोजली, ३.१. बारीक वेटोळ्याची बाजू साडेसात हजार ओहम. तीच घेतली. सोबत तांब्याच्या गाभ्याची जाड वायर, रबरी टोप्या, नवे पॉइंट.

जागा डाव्या-उजव्या दोन्ही मडगार्डवर चार दिवस बघत होतो. एका बाजूला बॅटरी, तिथे नको, आम्लाची वाफ. दुसऱ्या बाजूला काचेखालच्या जाळीतून पावसाचं पाणी कुठून उतरतं ते बघायला आधी वरून तांब्याभर पाणी ओतलं. पाणी जिथून ओघळलं त्याच्या वीतभर पुढे एक जुनं रिकामं भोक सापडलं, बडोदेकर म्हणाले तसंच. दुसरं भोक साडेसहा एमएमचं पाडलं, आतला पत्रा उघडा झाला तिथे रंगाचा हात दिला, बोल्ट आखूड, सहाचे, दहा नंबरच्या पान्याचे, टोक आत जेमतेम दोन आटे. चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिलं.

कॉइल उभी, तोंड वर. जाड वायर बाकी वायरींपासून वेगळ्या वाटेने नेली, एकत्र बांधली नाही. बारीक वायरी दीड स्क्वेअर एमएमच्या, थिंबल दाबून. कंडेन्सर होता तिथेच, डिस्ट्रिब्युटरवर, तो हलवायचा नाही असं आजोबांनी निरोप पाठवून बजावलं होतं.

मग पॉइंट बंद ठेवून, इग्निशन चालू करून कॉइलच्या प्लसला व्होल्टेज मोजलं. बॅटरी १२.५, कॉइल ११.३! सव्वा व्होल्ट वाटेत गायब. फ्यूजच्या खोक्याजवळचा एक जोड उघडला तर तांबं काळं पडलेलं आणि सुटत आलेलं, बहुतेक इतकी वर्षं नऊ अँपियर ओढून ओढून. तो कापून नवीन केला. आता १२.२. इग्निशन लगेच बंद केलं, मांडवाबाहेरची गोष्ट लक्षात होती.

रात्री गॅरेजचा दिवा घालवून पेन्सिल धरली. फुलोरा प्लगच्या बाजूला, केशरी. भाच्याने तीनदा बघितला.

सुदामानगर_आजोबा
तांब्याभर पाणी ओतून बघणं हे मी कुणाला शिकवलेलं नव्हतं. फार छान.

नर्मदाकाठ
आता घाट कधी?

रामबागचा_पद्मिनीवाला
काल झाला. सकाळी पोहे खाऊन निघालो, महू, जाम गेट, मंडलेश्वर, महेश्वर. आईने घाटावर नर्मदेत पाय बुडवले, अहिल्येश्वराचं दर्शन घेतलं. मुद्दाम दुपारी दीडलाच परत निघालो, तेच ऊन, तोच चढ, बहुतेक सगळा दुसऱ्या गिअरमध्ये. एकदाही खोकली नाही. जाम गेटला वर पोचलो तेव्हा आईनेच थांबायला सांगितलं, खाली निमाड बघायला. मी बॉनेट उघडलं आणि कॉइलवर तळहात ठेवला, दहापर्यंत मोजले, गरम होती पण हात काढावा लागला नाही. मग आईनेही येऊन हात ठेवून बघितला.

चिमणबाग_ताई
❤️ फोटो राहिला.

बुलेटवाला
जुन्या कॉइलचं काय केलं?

रामबागचा_पद्मिनीवाला
भाच्याने मागून नेली, कापून आत वीस हजार वेढे आहेत का बघायचे म्हणतोय.

सुदामानगर_आजोबा
त्याला म्हणावं आधी भोक पाडून तेल एका डब्यात काढ आणि हातमोजे घाल, जुन्या कॉइलचं तेल अंगाला लावून घेऊ नये. नाल्यातही ओतू नका. आणि पाचशे किलोमीटर झाले की नवे पॉइंट एकदा उघडून बघा, टाच घासून बसते तसा गॅप कमी होतो.

रामबागचा_पद्मिनीवाला
हो आजोबा. सांगतो त्याला आजच.